माझ्या अंगाचा झोळ

मी एक जुनी काळी केबल आहे, मित्रांनो. तुम्ही म्हणाल, केबलीला कसली आली आहे जन्मकथा? अगदी हेच मला खटकतं बघा. भिंतीवरच्या घड्याळाने बोलावं, फाटक्या छत्रीने बोलावं, आणि जिच्यातून अख्ख्या घराचं बोलणं रोज ये-जा करतं तिने मात्र मुकाट लटकत राहावं, हा कुठला न्याय? म्हणून आज मी बोलणार आहे. तुम्हाला घाई असेल तर खुशाल जा. मग पावसात घरचं नेट का जातं म्हणून माझ्याकडे विचारायला येऊ नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात मधोमध तांब्याची एक तार आहे. तिच्याभोवती पांढऱ्या प्लास्टिकचा जाड थर, त्यावर बारीक तारांची जाळी आणि सगळ्यात वर हा काळा कोट. ऊन, वारा, चिमण्यांच्या चोची, सगळं हा कोटच सोसतो. मोठ्या रिळाला गुंडाळून मला टेंपोने बारामतीला आणलं. तिथे माझे तुकडे झाले. कुणी बाजारपेठेत गेलं, कुणी कॉलेजाजवळच्या बंगल्यात गेलं, आणि माझ्या वाट्याला आली भवानीनगरजवळची महिपती तात्यांची वस्ती. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता कुणी बंगल्यात बोलावलं तरी मी जाणार नाही.

मला बांधलं म्हस्कूने. म्हस्कू हा आमच्या भागातला केबलवाला. रस्त्याकडेचा खांब उंच आणि तात्यांच्या घराची भिंत बुटकी. खांबावरून मला सोडत सोडत त्याने भिंतीपर्यंत आणलं. तिथे पत्र्याच्या वळचणीखाली एक छोटी डबी ठोकली आणि डबीत माझा जोड केला. त्या जोडापासून पुढे एक बारकी केबल खिडकीतून आत जाते. पण भिंतीशी येण्याआधी म्हस्कूने मला मुद्दाम ढिलं सोडलं. माझं पोट जोडाच्या खाली हातभर लोंबायला लागलं. असं लोंबणं म्हणजेच झोळ.

"म्हस्कू, तार लोंबती की रं," तात्या म्हणाले.

"असू द्या तात्या. तसंच असतंय," म्हस्कू म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला. का असतंय ते त्याने सांगितलं नाही आणि तात्यांनीही विचारलं नाही. कारण सांगायला वेळ लागतो, आणि म्हस्कूला ऊन चढायच्या आत पुढची वस्ती गाठायची होती.

माझे पहिले दिवस फार थाटाचे होते. तेव्हा मी घरात टीव्ही आणत असे. सामना असला की शेजारच्या वस्तीवरची माणसं पडवीत दाटीवाटीने बसत. फुलाबाई, म्हणजे तात्यांच्या मंडळी, संध्याकाळी भाकरी थापता थापता मालिका बघत, आणि खलनायिकेला इतक्या शिव्या देत की तवा बिचारा तापून लाल व्हायचा. चित्र स्वच्छ दिसलं की तात्या म्हणायचे, "केबल झकास हाय बरं का." एवढं ऐकलं की माझा दिवस चांगला जाई.

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि मला कुणी विचारेनासं झालं. टीव्हीवर कापड पडलं. माझ्यावर दोडक्याचा वेल चढला. फुलाबाई माझ्याकडे बघायच्या ते फक्त दोडका तोडायला. मित्रांनो, भाजी लटकवायची दोरी म्हणून जगणं काय असतं ते मला विचारा. पण बरं का, त्या सगळ्या वर्षांत माझा झोळ मात्र जागच्या जागी होता.

मग एका उन्हाळ्यात वस्तीवर गडबड उडाली. तात्यांचा मुलगा अविराज पुण्यात नोकरी करत होता. त्याला बारामतीच्या एमआयडीसीत चांगली जागा मिळाली आणि तो बायकोला घेऊन घरी राहायला येणार, असं ठरलं. त्याची बायको प्राची ही वडगाव निंबाळकरची. पुण्याच्या एका कंपनीत नव्याने भरती झालेल्या मुलामुलींना काम शिकवायचं, ही तिची नोकरी. कंपनी म्हणाली, घरून शिकवून बघा, जमतंय का ते दिवाळीपर्यंत पाहू. म्हणजे घरात चांगलं नेट हवं. म्हस्कूच्या ऑफिसने आता माझ्यातूनच नेट सोडायला सुरुवात केली होती. माझे दिवस पालटले. वेल उतरला, अंग पुसलं गेलं, आणि मी पुन्हा घरातली एक झाले.

आता तात्यांचा स्वभाव सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खाणार आहे. तात्यांची द्राक्षाची बाग आहे. द्राक्षाच्या मांडवाला तारा लागतात आणि त्या ताठ असाव्या लागतात, नाहीतर वेलांच्या वजनाने मांडव खाली येतो. तात्या रोज बागेत गेले की तारेवर टिचकी मारून कान देतात. टणटणीत वाजली तर पुढे जातात. भद्द वाजली की लगेच पक्कड निघते. माणूस असा की बाजेची सुतळी ढिली पडलेली त्याला खपत नाही, गोठ्याचं दावं सैल दिसलं की जेवण गोड लागत नाही. फुलाबाई म्हणतात, "ह्यांचं चाललं तर रस्त्याला बी ताण देतील."

सून राहायला येणार म्हणून तात्यांनी घराला रंग दिला. फाटक दुरुस्त केलं. आणि मग अंगणात उभे राहून त्यांनी वर पाहिलं. मी लोंबत होते.

"पुण्याची माणसं येत्यात. काय म्हणतील, हितं समदं ढिलंच हाय," ते स्वतःशी म्हणाले. शिडी लावली. मला भिंतीच्या हुकापाशी धरून ओढलं, आणखी ओढलं, बागेतली तार घेऊन आवळून टाकलं. खांबापासून डबीतल्या जोडापर्यंत मी एका रेषेत सरळ आले. तात्यांनी मला टिचकी मारली, मान डोलावली आणि म्हणाले, "आत्ता कसं."

खरं सांगते, मीही त्या दिवशी खूश होते. इतकी ताठ मी जन्मात कधी दिसले नव्हते.

प्राची आली आणि घराचं रूप बदललं. आतल्या खोलीत टेबलावर लॅपटॉप ठेवून ती सकाळपासून शिकवायला बसे. फुलाबाई शेजारणीला सांगत, "सून खोलीत बसून शाळा घेती, आन् पोरं कुठं कुठं बसल्यात, देवाला ठावं." पण सगळ्यात नवल तात्यांचं. हा माणूस घरात दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले दोन चहा मागायला. प्राची दुपारच्या सुट्टीत बागेत जायची आणि विचारायची, तात्या, हा डोळा कुठला, ही काडी का कापली, हा घड इतका विरळ का ठेवला. तात्या सांगत सुटायचे. सुट्टी संपली तरी त्यांचं सांगणं संपायचं नाही. फुलाबाई एकदा म्हणाल्या, "लग्न झाल्यापासनं माझ्याशी एवढं बोलला न्हाईत." तात्या हसले. मी ते हसू पहिल्यांदाच ऐकलं.

आषाढ-श्रावण आमच्याकडे तसे कोरडेच जातात. ढग वरून जातात, चार थेंब शिंपडतात आणि पुढे निघून जातात. त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं. खरा पाऊस आमच्याकडे परतीचा. गणपती गेल्यावर तो आला, आणि आला तो ठाण मांडूनच बसला.

पहिल्याच मोठ्या सरीत प्राचीचं शिकवणं मध्येच थांबलं. पडद्यावरची मुलं जागच्या जागी गोठली. एकीचे डोळे मिटलेले, एकाचा आ वासलेला. फुलाबाई चहा घेऊन आत आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं, ह्यास्नी काय झालं? समदी एकदम झोपली का काय?"

"नाही आई, नेट गेलं," प्राची म्हणाली. ती हसली खरी, पण तिचा चेहरा उतरला होता.

मोबाईलचं म्हणाल, तर वस्तीवर त्यावर बोलणं कसंबसं होतं, पण नेटची एकच दांडी येते, तीही अंगणाच्या कोपऱ्यात. भर पावसात अंगणात लॅपटॉप घेऊन कोण बसणार?

तक्रार गेली आणि दुसऱ्या दिवशी म्हस्कूच्या ऑफिसातला नवा माणूस रविराज आला. तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. त्याने नेट लावून बघितलं. नेट धावत होतं.

"आत्ता तर चालू हाय की," तो म्हणाला.

"आत्ता चालू हाय रं बाबा. पावसात बंद असतंय," तात्या म्हणाले.

"पावसात आमाला चढता येत न्हाय तात्या. विजेची भीती असती." हे त्याचं बरोबरच होतं. त्याने डबी उघडली, जोडावर हिरवट पापुद्रा चढला होता तो खरवडला, नवी टोपी बसवली, वरून टेप गुंडाळला आणि गेला.

पुन्हा पाऊस आला, पुन्हा नेट गेलं. पुन्हा रविराज आला आणि पुन्हा ऊन. अविराजने खोलीतला नेटचा डबा बदलून नवा आणला. फुलाबाईंनी त्या डब्यावर खबरदारी म्हणून दुरडी उपडी घातली. कशाचा काही उपयोग होईना. शेवटी रविराज माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "केबल जुनी झालीया तात्या. बदलावी लागंल. पर दिवाळीपातुर नवी मिळायची न्हाय."

मित्रांनो, मला किती लागलं असेल ते विचार करा. दुखणं माझं नव्हतं. दुखणं कुठे आहे ते मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. पाऊस पडला की खांबापासून थेंब माझ्या पाठीवरून चालायला लागत. पूर्वी ते माझ्या पोटापर्यंत येत, तिथे गोळा होत आणि टपटप अंगणात पडत. आता पोटच उरलं नव्हतं. ते थेट चालत येत, एकामागून एक, आणि डबीत शिरून जोडावर बसत. जोडात पाणी गेलं की माझ्यातून येणारं सगळं बोलणं तिथेच मुरून जातं. ऊन पडलं की पाणी सुकतं आणि मी पुन्हा शहाणी दिसते. जो तो मला उन्हात बघायला येत होता. पावसात मी काय सोसते ते बघायला कुणीच आलं नाही.

अशात एका संध्याकाळी प्राची आणि अविराज अंगणात बोलत उभे राहिले, अगदी माझ्या खाली. तात्या गोठ्याच्या दारात होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

"बुधवारी सुप्रिया मॅडम स्वतः माझा वर्ग बघणार आहेत," प्राची म्हणाली. सुप्रिया मॅडम म्हणजे तिच्या वरच्या अधिकारी. "त्यांनी स्पष्ट सांगितलंय, त्या वर्गात लाइन गेली तर दिवाळीनंतर पुण्यात येऊन काम करायचं. म्हणजे तिथं खोली घ्यायची आणि फक्त रविवारी घरी."

"मग काय करायचं?" अविराजने विचारलं.

"मला इथंच राहायचंय रे. मला इथं करमायला लागलंय," ती म्हणाली.

तात्या गोठ्यातून बाहेर आले नाहीत. म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. रात्री त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली. फुलाबाईंनी विचारलं तर म्हणाले, "पोट भरलंय." ते काही भरलेलं नव्हतं, हे मीसुद्धा सांगू शकले असते.

मंगळवारी त्यांनी रविराजला फोन लावला आणि त्याला सांगितलं, काहीतरी कर, म्हस्कूला तरी विचार. म्हस्कू आता थकला होता, ऑफिसात खुर्चीवर बसून असे. थोड्या वेळाने रविराजचा फोन उलट आला. तात्यांचे हात औषधाच्या पंपात होते म्हणून फोन फुलाबाईंनी घेतला. बाहेर वारा सुटला होता आणि आवाज तुटत होता.

"मावशी, म्हस्कूतात्या इचारत्यात, तुमच्यात झोळ हाय का?"

"काय म्हणालास?"

"झोळ, झोळ. केबलीचा झोळ हाय का न्हाय?"

फुलाबाईंनी ऐकलं झोल. आणि झोल म्हणजे लबाडी, हे हल्लीच्या टीव्हीने त्यांना पक्कं शिकवलं होतं. मग काय, त्यांचा पदर खोचला गेला.

"झोल? आमच्यात कसला झोल? चोरून तार वढलीया का आमी? वर्षानुवर्षं तुमचं कनेक्शन घेतलंय, आन् तू आमाला झोल इचारतुस व्हय?"

"तसं न्हवं मावशी—"

फोन बंद. तात्या आत आले तेव्हा फुलाबाई धुसफुसत होत्या. "त्या पोराला जरा वळण लावा. म्हणतंय, तुमच्यात झोल हाय." तात्यांनाही राग आला. "न्हाय करायचं काम तर न्हाय म्हणावं. आळ कशाला घेतुय?" त्यांनी रविराजला परत फोन केला नाही. मी वर लटकत होते, मित्रांनो, आणि माझं दुखणं ज्या एका शब्दात होतं तो शब्द घरात येऊन अपमान होऊन परत गेला होता.

बुधवार उजाडला तोच ढगांनी. प्राचीने आंघोळ करून नवी साडी नेसली, देवापुढे हात जोडले आणि लॅपटॉप उघडला. मुलं जमली. सुप्रिया मॅडम पडद्यावर आल्या. प्राचीने शिकवायला सुरुवात केली, आणि पाऊस सुरू झाला.

तात्यांना घरात बसवेना. पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन ते अंगणात येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बघायला लागले. आधी त्यांनी मला चार शब्द सुनावले, ते मी इथे सांगत नाही, कारण तुम्ही लहान आहात. आतून प्राचीचा आवाज येत होता. मग तो तुटायला लागला. "ऐकू येतंय का? मॅडम, मी दिसतेय का?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

आणि तेव्हा तात्यांनी बघितलं. भर पावसात मला बघणारं ते पहिलं माणूस.

खांबाकडून एक थेंब निघाला. माझ्या पाठीखाली लोंबत, न पडता, न थांबता तो चालत आला आणि डबीत शिरला. त्याच्या मागे दुसरा. त्याच्या मागे तिसरा. तात्यांची नजर त्यांच्याबरोबर चालत होती. द्राक्षाच्या बागेत त्यांनी हे हजारदा पाहिलं होतं. पाऊस उघडला की तारेवरचं पाणी उताराने सरकतं आणि जिथे तार खाली वाकते तिथे टपकतं. तिथल्या घडांना कूज लागू नये म्हणून ते स्वतः तार हलवून पाणी झाडतात. इथे तार कुठेच वाकत नव्हती. ती सरळ जोडात जात होती. आणि तिला सरळ केलं होतं कुणी?

"आयला," तात्या म्हणाले. "झोळ. पोरगं झोळ इचारत हुतं."

"काय झालं?" फुलाबाई दारात आल्या.

"झोल न्हवं, झोळ. तारेचा झोळ. म्हस्कूनं ठेवला हुता आन् म्या आवळून टाकला. पक्कड आण, आन् एक कोरडं फडकं."

वीज कडाडत नव्हती आणि सर जरा ओसरली होती, तरी मी तुम्हाला बजावून सांगते, मित्रांनो, पावसात तारेला हात लावायला तुम्ही कधीही जाऊ नका. तात्या वळचणीखाली बाजेवर चढले, एवढंच. माझ्याजवळ विजेची दुसरी तार नव्हती, हेही त्यांनी आधी बघून घेतलं. फुलाबाईंनी बाजूला उभं राहून डबीवर छत्री धरली. तात्यांनी आवळलेली तार सोडली. किती दिवसांनी मी श्वास घेतला म्हणून सांगू. माझं पोट सुटलं, खाली आलं, जोडाच्या खाली हातभर लोंबलं. तात्यांनी जोड खोलला, फडक्याने आतून-बाहेरून पुसला, पुन्हा पुसला, आवळून डबी लावली. मागून चालत आलेला थेंब माझ्या पोटाशी आला, डुगडुगला आणि टपकन तात्यांच्या बाजेवर पडला.

"पडला," तात्या म्हणाले. द्राक्षाला चांगला भाव मिळाला तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

आतमध्ये पडद्यावरची गोठलेली मुलं हलायला लागली. सुप्रिया मॅडमचा आवाज आला आणि तो काही गोड नव्हता.

"प्राची, हे असंच होणार असेल तर मला निर्णय घ्यावा लागेल."

"मॅडम, सॉरी," प्राची म्हणाली. तिने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. "आता जाणार नाही. माझ्या सासऱ्यांनी आत्ता पावसात उभं राहून लाइन दुरुस्त केली."

तात्या खोलीच्या दारात येऊन उभे होते. अंगावरची खोळ निथळत होती. सून आपलं कौतुक करतेय, हे ऐकून एखादा माणूस गप्प बसला असता. पण तात्यांना ढिलं काही खपत नाही, स्वतःचं बोलणंसुद्धा. ते सरळ चालत येऊन लॅपटॉपपुढे उभे राहिले.

"रामराम मॅडम. दुरुस्त मी केली, पर बिघडवली बी मीच हुती."

प्राचीने डोक्याला हात लावला.

"सून येणार म्हणून म्या तार ताणून चांगली दिसंल अशी केली. तेच्यानं पाणी जोडात जात हुतं. पोरीचा काय बी दोष न्हाय. ती मन लावून शिकवती, मी बाहेरनं रोज ऐकतुया. काय बोलायचं ते मला बोला."

सुप्रिया मॅडम पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "काका, पण तार ताणल्यावर पाणी जोडात कसं जातं?"

हे विचारायलाच हवं होतं. तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. ते ओलंचिंब होतं. एक टोक प्राचीच्या हातात देऊन उंच धरायला लावलं, दुसरं आपण खाली धरलं. ताणून दाखवलं की पाणी उपरण्यावरून सरकत त्यांच्या मुठीत येतं. मग ढिलं सोडून दाखवलं की पाणी मध्येच, पोटाशी, खाली टपकतं. टेबलाखाली थारोळं झालं. पडद्यावरची मुलं पुढे सरकून बघत होती. प्राचीच्या वर्गात ती एवढी मन लावून कधी बसली नव्हती, असं नंतर तिनेच सांगितलं.

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची सोडून उठून गेल्या. रिकामी खुर्ची दिसत राहिली. त्या परत आल्या तेव्हा त्यांचे केस भिजलेले होते.

"काका," त्या म्हणाल्या, "आमच्याकडंही पावसात नेट जातं. मी आत्ता गॅलरीत जाऊन बघून आले. आमची तर सरळ रेषेत ताणलेली आहे."

"मग द्या की ढिली करायला सांगून," तात्या म्हणाले.

सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या. त्या दिवशी पाऊस दुपारपर्यंत थांबला नाही आणि माझ्यातलं बोलणं एकदाही तुटलं नाही. वर्ग संपताना मॅडम म्हणाल्या, "प्राची, दिवाळीनंतर पुण्याला यायची गरज नाही. तिथूनच शिकव." प्राचीने लॅपटॉप मिटला. ती उठली आणि तात्यांच्या पाया पडली. तात्यांनी "आगं, आगं" म्हणत तिला उठवलं आणि घाईघाईने बाहेर अंगणात आले. तिथे ते त्याच ओल्या उपरण्याने डोळे पुसत राहिले.

फुलाबाई म्हणाल्या, "अवं, तेच्यानं तोंड आणखी भिजंल. कोरडं घ्या."

संध्याकाळी तात्यांनी रविराजला फोन करून घरी बोलावलं. फुलाबाईंनी त्याला समोर बसवून भजी खायला घातली, आणि "मी आपली झोल ऐकलं रं बाबा" असं चारदा तरी म्हणाल्या. माझी बदली रद्द झाली. रविराज म्हणाला, केबल अजून पुष्कळ वर्षं जाईल. जोडाला त्याने चांगली रबरी टोपी घातली आणि माझ्या झोळाकडे नीट बघून घेतलं. आता तो जिथे जातो तिथे आधी झोळ बघतो म्हणे, आणि तो का ठेवायचा तेही सांगून येतो.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात शिरणाऱ्या केबलीला भिंतीपाशी थोडा झोळ आहे का, ते बघा. नसेल तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा आणि केबलवाल्याला बोलवा. मला ओढू नका, आवळू नका, माझ्यावर ओले कपडे वाळत घालू नका. मी जरा लोंबले म्हणून घराची शोभा जात नाही. आणि पावसात माझी तब्येत बिघडली, तर खिडकीत उभं राहून मला पावसातच बघा. ऊन पडल्यावर आम्ही सगळ्याजणी चांगल्याच दिसतो.